करंट पुसलेली पाटी

थेंब पाटीवर पडला आणि पसरला. तो गोळीसारखा उभा राहायला हवा होता. माझ्या धाकट्या बहिणीने सिरिंजमधून दुसरा सोडला, तोही पसरला. मग तिने सिरिंज बाजूला ठेवली आणि नुसतीच पाटीकडे पाहत बसली.

सुरतच्या लिंबायत भागातल्या आमच्या घरातली, थंडीच्या दिवसांतली ती सकाळ होती. त्याच दुपारी तिला हा थेंब एका परक्या माणसासमोर चालवून दाखवायचा होता. माणूस शास्त्रज्ञ होता, दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातून सुरतेत व्याख्यानाला आला होता. त्याच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी एक जागा होती. बहिणीने त्या जागेसाठी अर्ज केला होता आणि अर्जात लिहिलं होतं की आपण बनवलेल्या पाटीवर पाण्याचा थेंब विजेच्या जोरावर हवा तिकडे चालतो. तो म्हणाला होता, मग मी आलोच आहे तर बघतो. जागा मिळणं न मिळणं त्या बघण्यावर होतं.

बहीण तेव्हा शहरातल्या एका कॉलेजात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, विषय भौतिकशास्त्र. मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करत होते. दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या तपासणं, कापणं, मथळे देणं हे माझं काम. आप्पा शहराबाहेर सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वार्पिंगला होते. आई घर सांभाळायची आणि दुपारी साड्यांना टिक्की, म्हणजे चमकी, लावायची.

पाटी हे घरातलं नाव. ती म्हणजे रेडिओच्या आत असते तशी हिरवट रंगाची सर्किटची पट्टी. तिच्यावर तांब्याचे बारीक चौकोन एका ओळीत, एकमेकांना न चिकटता बसवलेले. त्यांच्यावर अगदी पातळ प्लास्टिकची झिल्ली ताणून बसवलेली आणि झिल्लीवर पाणी न धरणाऱ्या तेलाचा हलका हात. अशा पृष्ठभागावर थेंब पसरत नाही, गोल राहतो. मग त्याच्या पुढच्या चौकोनाला वीज द्यायची. झिल्ली मध्ये असल्यामुळे वीज पाण्यात उतरत नाही, पण तिच्या ओढीने थेंबाची त्या बाजूची कड खाली बसते, पुढे झुकते आणि मागचा भाग तिच्यामागे येतो. मग तो चौकोन बंद, त्याच्या पुढचा चालू. असं करत थेंब ओळीने सरकतो. त्याला कुणी ढकलत नाही, फुंकर घालत नाही, पाटीही तिरकी करत नाही.

आईला हे समजावताना बहिणीने पहिल्यांदा पात्र्याच्या पानाचं उदाहरण घेतलं. अळूच्या पानावर पाणी कसं मोत्यासारखं पळतं, तसं.

"ते तर पान हालाडं म्हनीसन पळस," आई म्हणाली. आमच्या घरात मोठी माणसं अहिराणीच बोलतात.

"बरोबर. इथे पान हलवायचं नाही, आणि तरी पळवायचं."

"तवावर पानी नाचस तसं?"

"तव्यावरचं कुठेही नाचतं. हे आपण म्हणू तिकडेच जातं."

"मंग तुन्हापेक्षा हुशार से," आई म्हणाली आणि टिक्क्यांच्या डब्याकडे वळली.

या सगळ्याचा उपयोग काय, हेही आईने विचारलं होतं. रक्ताचा एवढासा थेंब घेऊन त्याचे पाटीवरच भाग करायचे, प्रत्येक भाग वेगळ्या औषधाला नेऊन भिडवायचा, म्हणजे तपासणीला बाटलीभर रक्त लागणार नाही, असं बहिणीने सांगितलं. आईला ते पटलं. दवाखान्यात सुई बघून ती तोंड फिरवते.

आप्पांना विषय वेगळ्या बाजूने माहीत होता. वार्पिंगच्या खात्यात शेकडो धागे शेजारी शेजारी ओढून एका मोठ्या रुळावर, म्हणजे बीमवर, गुंडाळतात. सूत पॉलिस्टरचं. ते दांड्यांवरून घासत जातं आणि घासलं की त्याच्यात वीज साठते. तिला कारखान्यात करंटच म्हणतात. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की करंट वाढतो. धागे एकमेकांपासून फुगून दूर पळतात, हवेतलं तूस, म्हणजे सुताचे बारीक तंतू, ओढून घेतात, गाठी होतात, धागा तुटतो, मशीन थांबतं. जवळून गेलं की हातावरचे केस उभे राहतात. त्यावर इलाज म्हणून एक तेल येतं. ते दांड्यांवर फडक्याने फिरवलं की करंट टिकत नाही. आप्पा त्या तेलाची छोटी बाटली घरीही ठेवत. आमच्या गल्लीत शेजारी लूम, म्हणजे यंत्रमाग, चालतात, तूस कायम हवेत असतं, आणि थंडीत टीव्हीच्या काचेवर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, आमच्या वह्यांच्या कव्हरांवर ते येऊन बसायचं. आप्पांचं फडकं त्यावरून फिरायचं. लहानपणी माझ्या दप्तराला या तेलाचा वास होता, आणि वर्गात ज्या मुलींच्या दप्तरांना तो नव्हता त्या मला वेगळ्या वाटायच्या.

बहीण वीज देऊन थेंब चालवते हे ऐकल्यावर आप्पा हसले होते.

"मी जिंदगीभर करंट काढा, नि हाई पोर करंट भरी राह्यनी."

विजेचा भाग एका पत्र्याच्या डब्यात होता. तो तिने स्वतः जोडला होता आणि त्यातून निघणारा दाब घरातल्या प्लगपेक्षा जास्त होता. म्हणून तिने घरात सगळ्यांना बजावलं होतं की डब्याला कुणीही हात लावायचा नाही. डब्यावर लाल पेनाने तसं लिहूनही ठेवलं होतं, मराठीत आणि गुजरातीत. पाटीबद्दल तिने काही सांगितलं नव्हतं. पाटीत धोका नव्हता.

आदल्या दिवशी तिने कॉलेजातून पाटी आणि डबा घरी आणला. कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते आणि नव्या झिल्लीवरचं तेल बसायला वेळ द्यावा लागतो. तिने संध्याकाळीच एकदा थेंब चालवून बघितला होता. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मी डेस्कवर होते, मला ते बघायला मिळालं नाही. आई म्हणाली की आपल्याला वाटलं होतं तेवढं काही खास नाही, पण गेला खरा. मग बहिणीने पाटी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून वर स्टीलची परात पालथी घातली.

सकाळी थेंब पसरला तेव्हा तिने पहिल्यांदा डब्यावर संशय घेतला. पण डबा चालू नव्हता. वीज न देताही थेंब गोल राहायला हवा होता, म्हणजे बिघाड झिल्लीवर होता. तिने पाटी उचलून खिडकीकडे तिरकी धरली. झिल्ली स्वच्छ होती. जरा जास्तच स्वच्छ होती, असं ती म्हणाली. आदल्या संध्याकाळी तिच्यावर दोन-चार बारीक तंतू बसले होते, ते दिसत नव्हते.

तिने पाटी नाकाशी नेली. मग माझ्याकडे दिली. मी वास घेतला आणि आम्ही दोघींनी एकाच वेळी खाटेकडे पाहिलं. रात्रपाळी करून आलेले आप्पा पांघरूण डोक्यावर घेऊन झोपले होते.

आई म्हणाली, "काय व्हयनं?"

बहिणीने सांगितलं.

"हा," आई म्हणाली. "सकाळी घर उनात, चहा पिधा, परात उचली नि बघं. म्हने, पोरनी पाटीवर तूस बठेल से, करंट धरी राह्यनं. मंग पुसं. डब्बाले हात नही लावा हां, ते ध्यानमा व्हतं त्यास्ले."

डब्याला हात लावला नाही, हे तिने दोनदा सांगितलं.

काय झालं होतं ते बहिणीला लगेच कळलं. करंट काढणारं तेल पाणी धरून ठेवतं. त्याच्या पातळ थरावरून साठलेली वीज वाहून जाते, म्हणून तर धागा शांत होतो. पण त्याच थरावर पाण्याचा थेंब उभा राहत नाही, पसरतो, आणि थरात मिसळून आणखी पसरतो. पाटीला जे दोन गुण हवे होते, पाणी न धरणं आणि वीज पळू न देणं, ते दोन्ही एका फडक्याने गेले होते. आप्पांनी काम नेहमीसारखं नीट केलं होतं. एकही कोपरा सोडला नव्हता.

मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. ती म्हणाली, "आप्पांना उठवू नको."

"का?"

"उठवलं तर मदत करायला लागतील."

झिल्ली बदलायची होती. तिचा रोल कॉलेजात मॅडमच्या कपाटात होता. मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. त्या पाहुण्यांना आणायला गेल्या होत्या आणि फोन उचलत नव्हत्या. प्रयोगशाळेला कुलूप. खरं तर ती झिल्ली काही खास नव्हती. बांधलेल्या फळांवर, कापलेल्या सँडविचवर दुकानदार जी चिकटणारी पातळ फिल्म लावतात तीच. ती आणायला मी बाहेर पडले. आमच्या गल्लीत प्लास्टिकची कमतरता नाही. साड्यांच्या पॅकिंगच्या पिशव्या ढिगाने मिळतात, पण त्या जाड. किराणावाल्याने चांदीचा कागद दाखवला. दुसऱ्याने भाकरी बांधायचा कागद. शेवटी रिक्षा स्टँडजवळच्या फळवाल्याकडे पपईच्या फोडींवर ताणलेली फिल्म दिसली. त्याच्या गाड्याखाली अख्खा रोल होता.

मी म्हटलं, फक्त हे प्लास्टिक हवंय, हातभर.

"बेन, पपैयुं लो ने," तो म्हणाला. "एकला प्लास्टिकनुं शुं करशो?"

मी म्हटलं, पाणी चालवायचंय.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मग म्हणाला की पाणी तर खाडीकडे आपोआप चालतं. मी पपई घेतली. त्याने रोल बाहेर काढला, हातभर मोजून फाडलं आणि मी निघाले तेव्हा शेजारच्या नारळवाल्याला काहीतरी सांगितलं. दोघे हसले.

घरी आईने आणि मी फिल्मची दोन टोकं धरली. ती रोलवरून सुटतानाच वीज धरते आणि स्वतःलाच जाऊन चिकटते. पहिला तुकडा वाया गेला. दुसरा बसला, पण ओळीच्या मध्यापुढे एका चौकोनावर बारीक सुरकुती राहिली. बहिणीने नखाने, मग कापसाने ती बाहेर काढायचा प्रयत्न केला. सुरकुती निघेना, आणि तिसऱ्या प्रयत्नाएवढी फिल्म नव्हती. तिने वरून पाणी न धरणाऱ्या तेलाचा हात दिला आणि थेंब सोडला. गोल राहिला. वीज दिली. चालला, आदल्या दिवसापेक्षा सावकाश, आणि सुरकुतीच्या चौकोनाशी येऊन थांबला. दाब वाढवला तर झिल्ली जळेल, म्हणून तिने वाढवला नाही.

काढून टाकलेली जुनी झिल्ली तिने फेकली नाही. ती कागदात घडी करून लाडूच्या रिकाम्या डब्यात ठेवली. का, ते मी विचारलं नाही. आप्पा झोपले होतेच. आम्ही दार ओढून घेतलं आणि पाटी मांडीवर घेऊन रिक्षात बसलो.

कॉलेजात मला आत बसू दिलं, कारण डबा मी धरला होता. पाहुणे शास्त्रज्ञ वयाने फार मोठे नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पाटीवर वाकले. थेंब चालला. एक चौकोन, पुढचा, त्याच्या पुढचा. मी तो पहिल्यांदाच पाहत होते. आई म्हणाली ते खरं होतं, फार काही खास दिसत नव्हतं. पण बघणारा दुसरीकडे बघू शकत नव्हता. सुरकुतीशी थेंब थांबला.

"इथे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"झिल्लीला सुरकुती आहे, सर."

"वेगही कमी आहे. अर्जात तुम्ही याहून बरंच लिहिलंय."

"ते कालच्या झिल्लीवर होतं. ही आज सकाळी घाईत बसवली."

"कालच्या झिल्लीचं काय झालं?"

इथे ती थांबली. वाटेत फाटली म्हणाली असती तर तिथेच संपलं असतं. अशा गोष्टी फाटतात, कुणी पुढे विचारत नाही. मॅडमनी तिच्याकडे पाहून मान किंचित हलवली, त्याचा अर्थही बहुधा तोच होता. मी रोज माणसांची स्पष्टीकरणं वाचते आणि कुठलं सोयीचं आहे ते ओळखते. मला वाटलं, ती तेच देईल.

ती म्हणाली, "माझे वडील वार्पिंगला काम करतात. झिल्लीवर त्यांना तूस दिसलं. त्यांना वाटलं सुतासारखा हिला करंट आलाय, म्हणून त्यांनी करंट काढायचं तेल लावून ती पुसली."

मागे बसलेल्या कुणीतरी हसून खोकल्यासारखं केलं. पाहुणे हसले नाहीत. चष्मा खाली घेऊन त्यांनी विचारलं, "कशावरून तेलच? धूळही असू शकते."

तिने लाडूचा डबा उघडला. आतल्या झिल्लीची घडी सपाट केली, काठाची एक पट्टी दाखवली. पाटीच्या कडेखाली दुमडलेली ती पट्टी फडक्याला लागली नव्हती. तिथे थेंब सोडला, गोल राहिला. बोटभर अलीकडे सोडला, पसरला. पाहुण्यांनी झिल्ली उचलून वास घेतला. मग स्वतः सिरिंज हातात घेऊन एक थेंब बरोबर त्या सीमेवर सोडला. तो अर्धा गोल राहिला आणि अर्धा पसरला.

"याच्या नोंदी घेतल्या आहेत?"

"नाही. आज सकाळीच झालं."

"घ्या," ते म्हणाले, आणि मॅडमबरोबर चहाला गेले.

एवढंच. चांगलं झालं की वाईट, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळण्यासारखं नव्हतं. तिची निवड झाल्याचं आम्हाला बऱ्याच आठवड्यांनी कळलं. ते इथेच सांगून टाकते, कारण मजकुरात मुख्य गोष्ट फार खाली ठेवू नये असं आम्हाला शिकवलेलं आहे. पण त्या संध्याकाळी घरात ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि पुढे जे झालं ते माहीत नसतानाचं आहे.

आम्ही परतलो तेव्हा आप्पा अंघोळ करून, पाळीला जायच्या तयारीत, पपई खात बसले होते.

"चालना का थेंब?"

"चालला," बहीण म्हणाली. "निम्मा रस्ता."

"निम्मा कसाले? मी तर बठ्ठी पाटी साफ करी दिधी व्हती. करंट ठेवा नव्हता जरासा बी."

आईने माझ्याकडे पाहिलं. सांगू नको, असं ते पाहणं होतं. सकाळपासून ती तेच म्हणत होती. त्यांना कशाला सांगायचं, चांगल्यासाठीच केलं. मलाही ते बरोबर वाटत होतं. बहीण त्यांच्यासमोर खाली बसली.

"आप्पा, तो करंट मला हवा होता."

त्यांना कळलं नाही. तिने समजावलं, जसं आईला अळूच्या पानावरून समजावलं होतं तसं. फक्त इथे तिला उदाहरण शोधावं लागलं नाही. सुतात वीज साठते ती तुम्हाला नको असते, इथे झिल्लीखाली ती थांबावी लागते. तेलाने ती थांबत नाही आणि पाणीही पसरतं. आप्पांनी पपईची फोड ताटलीत ठेवली.

"म्हंजे मी पुसं म्हनीसन बिघडं."

"हो."

शेजारच्या लूमचा आवाज येत होता.

"मंग माले उठाडं का नही?"

"उठवून काय केलं असतं? तुम्ही नवी झिल्लीसुद्धा पुसली असती."

आई हसली आणि लगेच गप्प झाली. आप्पा हसले नाहीत. हात धुऊन आले, पंच्याला पुसले, पुन्हा एकदा पुसले.

"दखाड," ते म्हणाले.

"पाळीला उशीर होईल."

"होवू दे. दखाड माले."

तिने ओट्यावर पाटी मांडली, डबा जोडला. आप्पा जवळ आले आणि वाकण्याआधी त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत अडकवले. आप्पा कुठलीही वस्तू बघतात ती हाताने. सूत चांगलं की वाईट, भाजी ताजी की शिळी, आम्हाला ताप आहे की नाही, सगळं बोटांनी. हात मागे बांधून काही बघताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

थेंब गोल बसला. बहिणीने वीज दिली. तो पहिल्या चौकोनावरून दुसऱ्यावर गेला. तेवढ्यात खिडकीतून आलेला तुसाचा एक केसासारखा तंतू त्याच्या पुढच्या चौकोनावर येऊन चिकटला. आप्पांचे खांदे हलले. हात मागे तसेच होते, पण उजवा कोपर बाजूला आला आणि पुन्हा अंगाशी गेला.

"तूस," ते म्हणाले.

"असू द्या."

थेंब तिसऱ्या चौकोनावर आला. तंतू त्याच्या कडेला लागला, आत ओढला गेला, थेंबाच्या पोटात वाकून बसला. थेंब पुढच्या चौकोनावर सरकला. मागचा चौकोन कोरा होता.

आप्पा आणखी खाली वाकले.

"हाऊ तर सोताच पुसी राह्यना," ते म्हणाले.

मग थेंब सुरकुतीपाशी जाऊन थांबला, दुपारी थांबला होता तिथेच, तंतू पोटात घेऊन. बहिणीने डबा बंद केला. आप्पा वाकलेलेच होते. खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला, सचिनला जाणारी पाळीची माणसं त्यात बसली होती. त्याने दुसऱ्यांदा हॉर्न दिला तेव्हा त्यांनी पाठीमागचे हात सोडवले आणि चप्पल शोधायला लागले.